ऊस की बिनकाट्याचा निवडुंग?

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या कोरड्या माळावर काय लावावं, तर माझा कौल निवडुंगालाच. उसाला वर्षभर पाणी पाजावं लागतं. निवडुंग आपली रंध्रं, म्हणजे हवा घेण्याची बारीक छिद्रं, रात्री उघडतो, त्यामुळे उन्हात पाणी फारसं उडून जात नाही. त्याच्या पानांसारख्या खोडांत सुमारे ९० टक्के पाणी असतं. ऐन उन्हाळ्यात म्हशीला याहून मोठा आधार कुठला? मात्र प्रथिनं कमी, आणि नुसताच घातला तर जनावराला हगवण लागते. सोबत कडबा हवाच. मेक्सिकोत कोवळ्या खोडांची भाजी करतात. आपल्या ताटातही ती यावी असं मला मनापासून वाटतं.

इंधनाचं म्हणाल तर उसाच्या मळीपासून इथेनॉल होतं, पण कारखान्यात. निवडुंगाचे तुकडे शेणात मिसळून घरच्या गोबरगॅसला चालतात.

पैसा आज उसातच आहे. कृष्णाकाठी ऊस राहू द्या. बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात मात्र निवडुंग लावू नका, मुळं कुजतात.