ओपनस्निच : मिंटच्या मशीनमधून बाहेर काय जातंय ते दाखवणारा पहारेकरी

जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टम टाकून देताना नांदेड-लातूरकडचा दुकानदार हमखास सांगतो, "आता व्हायरसचं टेन्शन नाही." व्हायरसचं नसेलही, पण पाळतीचं आहे. २०१९ मध्ये सापडलेलं इव्हिलग्नोम हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या एक्स्टेंशनचं सोंग घेऊन स्क्रीनशॉट काढायचं, माइक ऐकायचं आणि फाइली पळवायचं. फ्री डाउनलोड मॅनेजर या फाइली उतरवणाऱ्या प्रोग्रामच्या साइटवरून २०२० ते २०२२ या काळात काही लिनक्सवाल्यांना खोट्या डेब पॅकेजकडे (मिंट-उबुंटूवरच्या इन्स्टॉलर फाइलीकडे) वळवलं जात होतं. ते पॅकेज साठवलेले पासवर्ड आणि ब्राउझिंगची हिस्टरी गोळा करायचं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे एपीटी ३६ ही हॅकरांची टोळी. सी-डॅकचं बॉस हे लिनक्स वापरणारी सरकारी कार्यालयं तिचं लक्ष्य. मीटिंगची नोटीस वाटावी अशी पीडीएफच्या चिन्हाची फाइल येते. प्रत्यक्षात तो डेस्कटॉप शॉर्टकट असतो. क्लिक केलं की खरी पीडीएफही उघडते आणि मागे कर्ल (नेटवरून फाइली आणणारी कमांड) दुसरंच काहीतरी उतरवून घेतं.

चोरलेला माल बाहेर पाठवल्याशिवाय यातल्या कुणाचंच काम होत नाही. मिंटमध्ये आधीपासून असलेली फायरवॉल मुळात बंद असते. चालू केली तरी ती आत येणारं अडवते, बाहेर जाणाऱ्याला मोकळी वाट देते. ओपनस्निच नेमकं तिथे उभं राहतं. कुठलाही प्रोग्राम नव्याने नेट मागू लागला की पॉपअप येतो. त्यात प्रोग्रामचा पूर्ण पत्ता, कमांड लाइन, समोरचा सर्व्हर आणि पोर्ट दिसतो. फुकट आहे. मिंट २२ मध्ये सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच मिळतं. मिंट २१ वर मात्र गिटहबवरून डिमन (मागे चालणारा भाग) आणि खिडकी (समोर दिसणारा भाग) अशा दोन डेब फाइली आणाव्या लागतात.

पहिले एक-दोन दिवस पॉपअपचा भडिमार होतो. वेळ जुळवणारी सेवा, डीएनएस (साइटचा पत्ता शोधणारी सेवा), एपीटी (वरच्या टोळीशी संबंध नाही, हे मिंटचं पॅकेज आणणारं साधन), ब्राउझर यांना कायमची परवानगी देऊन टाका, बराच गोंगाट थांबतो. खरी गोम पुढे आहे. कर्ल आणि स्क्रिप्ट चालवणारे पायथन, बॅश यांना कधीही 'फॉरेव्हर'ची परवानगी देऊ नका. तसा नियम झाला की कर्लच्या आडून येणारी कुठलीही स्क्रिप्ट बिनबोभाट निघून जाते, वर सांगितलेला शॉर्टकटसुद्धा. अशा वेळी एकदाच परवानगी द्या, नाहीतर नियम 'या कमांड लाइनपुरता' करा.

दुसरा नियम हाताने लिहावा लागतो, पण सगळ्यात उपयोगी तोच. टेंप (/tmp), व्हार-टेंप (/var/tmp) आणि डेव्ह-एसएचएम (/dev/shm) या तात्पुरत्या फोल्डरांतून चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला नकार. फ्री डाउनलोड मॅनेजरच्या प्रकरणातला माल व्हार-टेंपमध्येच बसला होता आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सेवा) त्याला दर दहा मिनिटांनी उठवायचं. नियम अक्षरक्रमाने तपासले जातात, म्हणून नाव ००० ने सुरू करा. मात्र ॲपइमेजही (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) टेंपमध्येच माउंट होऊन चालते आणि प्रत्येक वेळी फोल्डरचं नाव बदलतं, त्यामुळे तीही अडते. तिच्यासाठी रेजेक्स (बदलत्या नावांना जुळणारा साचा) वापरून अपवाद करा, त्याचं नाव नकाराच्या आधी येईल असं ठेवा आणि प्रायॉरिटीची खूण करा. भोक राहतंच, पण छोटं. स्नॅप या उबुंटूच्या पॅकेजांचा त्रास वेगळा. अपडेट झालं की पत्त्यातला आवृत्तीचा आकडा बदलतो आणि तेच प्रश्न पुन्हा सुरू. मिंटवर स्नॅप मुळात नसतं, तेव्हा हा ताप उबुंटूवाल्यांचा.

मराठी टायपिंगच्या आयबस-एम१७एनला नेट लागत नाही. त्या नावाने परवानगी मागणारं काही आलं आणि पत्ता होम फोल्डरमधल्या कॅशेचा असेल तर नकार द्या आणि क्रॉनटॅब (क्रॉनची कामांची यादी) उघडून बघा. इव्हिलग्नोम असंच कॅशेमध्ये बसायचं आणि क्रॉन दर मिनिटाला ते चालू आहे ना हे तपासायचं.

आता उणिवा. ओपनस्निच रेकॉर्डिंग थांबवत नाही, फक्त बाहेर पाठवणं अडवतं. मिंटचा डेस्कटॉप सिनॅमन अजूनही मुळात एक्स११ या जुन्या खिडकी-व्यवस्थेवर चालतो आणि तिथे एका प्रोग्रामला दुसऱ्यात दाबलेल्या कळा वाचता येतात. रूट (मशीनचे पूर्ण हक्क) मिळालेला हेर ओपनस्निचच बंद करू शकतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलल्यावर कधीकधी ईबीपीएफ मॉड्यूल (कर्नलमध्ये बसून प्रोग्राम ओळखणारा भाग) लोड होत नाही. मग झटकन येऊन जाणारे प्रोग्राम ओळखू येत नाहीत. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवणाऱ्यांना वाटेल की डेटा कोण खातंय ते कळेल, पण इथे कनेक्शन मोजली जातात, एमबी नाही.

स्वतःच्या मशीनसाठी पाचपैकी चार. अभ्यासिका किंवा ई-सेवा केंद्रात, जिथे चार जण एकाच लॉगिनवर बसतात, तिथे दोनच; कारण घाईत सगळे 'अलाव' दाबतात. तिथे बसवायचंच असेल तर आधी आठवडाभर नियम तयार होऊ द्या. मग सेटिंगमध्ये पॉपअप बंद करा आणि ठरावीक कृती (डिफॉल्ट ॲक्शन) 'डिनाय' ठेवा. डिमनच्या सेटिंगमधली ठरावीक कृतीही वेगळी तपासा, कारण खिडकी बंद असताना तीच लागू होते. आणि सुडोचा (रूटचे हक्क देणाऱ्या कमांडचा) पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असेल तर तो आधी काढा.