पडलेलं झाड आणि चर्चचं फर्निचर: त्याच झाडाचं लाकूड वापरावं, की विकतचं सुकं लाकूड आणावं?

चर्चच्या आवारातलं जुनं झाड पडलं किंवा नाइलाजाने पाडावं लागलं, की दोन दिवसांत कुणीतरी म्हणतंच, ‘याच्याच लाकडाची वेदी करू या.’ त्या बोलण्यामागची माया मला कळते. कित्येक कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या त्या सावलीत उभ्या राहिलेल्या असतात. लगेच दुसरं कुणी म्हणतं, ‘ओल्या लाकडाच्या नादी लागू नका, वखारीतून सुकं आणा आणि काम उरका.’ तेही अनुभवाचे बोल असतात. मी दोन्ही प्रकारची कामं केली आहेत. वेदी, वाचनपीठ, बाप्तिस्मा कुंडाचं झाकण अशा एकेकच लागणाऱ्या वस्तू झाडाच्या लाकडातून कराव्यात आणि बाक विकतच्या सुक्या लाकडाचे करावेत, असं माझं ठाम मत आहे. ते कशावरून बनलं, ते सांगतो.

एका झाडात किती लाकूड असतं

पडलेलं झाड डोळ्यांना फार मोठं दिसतं आणि सगळे अंदाज तिथेच चुकतात. सरासरी ६० सेंटिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा सरळ ओंडका घ्या. त्याचं घनफळ साधारण २५ घनफूट भरतं. करवतीचा भुसा, साल, सालीलगतचं पांढरट लाकूड, मधला गर, गाठी, सुकताना वाकलेल्या फळ्या आणि शेवटी रंध्याखाली जाणारा भाग वजा केला, तर फर्निचरच्या कामाचं लाकूड तिसरा हिस्सा धरावं, म्हणजे आठ घनफूट. अडीच मीटरच्या एका भक्कम बाकाला बैठक, पाठ, दोन्ही बाजू आणि गुडघे टेकायची फळी धरून तीन-साडेतीन घनफूट लागतं. म्हणजे एवढ्या ओंडक्यातून जेमतेम दोन बाक! चर्चला वीस हवे असतील तर उरलेले अठरा कशाचे करणार? दोन एका रंगाचे आणि अठरा दुसऱ्या रंगाचे बाक रांगेत कायमचे खटकत राहतात.

तेच आठ घनफूट एका वेदीला पुरतं आणि वाचनपीठापुरतं उरतंही. फांद्यांवर भिस्त ठेवू नका. फांद्यांमध्ये आणि कललेल्या खोडांत ताणाखाली वाढलेलं लाकूड असतं. ते करवतीतून बाहेर पडतानाच पीळ खातं.

वेळ

विकतच्या लाकडाची खरी बाजू इथे आहे. ते मुरलेलं असतं, ओल मोजून घेता येते आणि काम लगेच सुरू होतं. ताज्या झाडाचं तसं नाही. हवेवर सुकवायचं तर फळीच्या दर इंच जाडीला एक वर्ष, असा जुना हिशेब आहे. तो मोघम असला तरी नियोजनापुरता चालतो. वेदीच्या पायांना दोन इंची फळ्या हव्या असतील तर दोन वर्षं धरा. शिवाय हवेवर सुकलेल्या लाकडात हवामानाप्रमाणे १२ ते १८ टक्के ओल राहतेच. गरम किंवा वातानुकूलित ठेवलेल्या इमारतीत ती ८ ते १२ टक्क्यांपर्यंत उतरते आणि लाकूड पुन्हा आकसतं.

यावर भट्टी हा उपाय आहे. इंचभर जाडीची फळी तिथे काही आठवड्यांत सुकते आणि गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता अर्धा तास टिकली की आतली किडही मरते. मात्र जाड ओल्या फळ्या घाईने भट्टीत घातल्या तर वरचा थर आधी घट्ट होतो आणि आतलं लाकूड फाटतं. बाहेरून काहीच कळत नाही, रंधा मारल्यावर पोकळ भेगा उघड्या पडतात. म्हणून काही महिने हवेवर ठेवून ओल वीस-पंचवीस टक्क्यांवर आली की मगच भट्टीत नेणं, हा मला सगळ्यांत भरवशाचा मार्ग वाटतो.

आगीनंतर पुन्हा उभारलेल्या पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलचं उदाहरण बैठकीत हमखास निघतं. तिथे मुख्य छपराची चौकट खरोखरच ओल्या ओकची घडवली. पण छपराच्या तुळया जागच्या जागी सुकल्या, थोड्या चिरल्या, तरी बिघडत नाही. त्यांची जाडी ते सोसते. वेदीच्या पृष्ठभागाला किंवा वाचनपीठाच्या सांध्याला ती मुभा नसते. इंग्लंडमध्ये २०१२ साली दलदलीत सापडलेल्या, सुमारे पाच हजार वर्षं जुन्या काळ्या ओकचं १३ मीटर लांबीचं टेबल २०२२ मध्ये ईली कॅथीड्रलमध्ये मांडलं गेलं. त्या एका ओंडक्यासाठी खास भट्टी बांधावी लागली होती. लाकूड अमोल असेल तेव्हा घाई कुणी करत नाही, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

ओंडक्याच्या पोटात काय आहे

विकतची फळी तुम्ही उलटसुलट करून बघता, मग घेता. ओंडका मात्र उघडेपर्यंत बंद पेटी असतो. आवारातल्या झाडांवर वर्षानुवर्षं खिळे ठोकलेले असतात, तारा बांधलेल्या असतात. झाड त्या गिळून पुढे वाढतं. एका ओकच्या ओंडक्यावर मी सालीवरून हात फिरवला तेव्हा काहीच लागलं नव्हतं. दुसरी फळी सुटली आणि पिवळसर लाकडात तळहाताएवढा निळा-काळा डाग दिसला, मधोमध अर्धा कापलेला खिळा. ओकमधलं टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट घटक, लोखंडाला भेटलं की असाच डाग पडतो आणि तो रंध्याने जात नाही. म्हणून करवतीला लावण्याआधी धातुशोधक फिरवून घ्या. ओकच्या कामात साधे लोखंडी स्क्रूही वापरू नका, पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

झाड वादळात पडलं असेल तर आणखी एक धोका असतो. वाऱ्याने वाकताना खोडाच्या आत तंतूंना आडव्या बारीक मोडी बसतात. त्या ओल्या फळीवर दिसत नाहीत, गुळगुळीत केल्यावर केसासारख्या रेषा उमटतात. अशी फळी वेदीच्या दर्शनी पट्टीत चालेल, पण पायात किंवा बाकाच्या बैठकीत मुळीच नको. रीतसर तोडलेल्या झाडात ही भीती बरीच कमी असते.

सालीलगतच्या पांढरट लाकडात पिष्ट असतं आणि भुंगेरे त्यावरच येतात. सुंदर दिसतं म्हणून ते कडेला ठेवायचा मोह होतो. चर्चच्या फर्निचरमध्ये मी ते ठेवत नाही.

अखंड पाट की जोडफळ्या

हा प्रश्न झाडाच्या लाकडातच येतो, कारण एवढा रुंद पाट विकत क्वचितच मिळतो. अख्ख्या खोडाचा एकच पाट वेदीवर ठेवला की झाड ओळखू येतं, हे खरं. पण त्या पाटात मधला गर येतो आणि गराभोवती तडा जाणं जवळपास ठरलेलं असतं. वलयांच्या दिशेने लाकूड गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. पांढऱ्या ओकमध्ये पूर्ण ओलं ते पूर्ण कोरडं या प्रवासात हे आकडे अंदाजे १०.५ आणि ५.६ टक्के आहेत, सागात ५.८ आणि २.५. पाऊण मीटर रुंदीच्या वेदीवर ओल चार टक्क्यांनी बदलली, तर आडव्या कापाच्या, म्हणजे फळीत वलयं आडवी पडलेल्या ओकमध्ये साधारण एक सेंटिमीटर फरक पडतो. उभ्या वलयांच्या फळ्या, ज्यांना क्वार्टर-सॉन म्हणतात, त्या जोडल्या तर फरक जवळजवळ अर्धा होतो. सागात तर तो अडीच मिलिमीटरवर येतो. ओक त्या पद्धतीने कापला की पृष्ठभागावर रेशमासारखे चकाकणारे पट्टेही उमटतात. मी वेदीला जोडफळ्याच घेतो. झाडाची खूण राहावी म्हणून पाटाचा हट्ट असेल, तर निदान गर मधून कापून टाका आणि दोन अर्धे पुन्हा जोडा.

पाट असो वा जोडफळ्या, वरचा भाग खालच्या चौकटीला सरसाने कधीच चिकटवू नका. चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडून त्यात सरकणारे लाकडी गुटके बसवा, म्हणजे लाकूड हलू शकेल. माझं एक वाचनपीठ मी घट्ट आवळून दिलं होतं. पहिल्याच कोरड्या हंगामात ते मधोमध चिरलं. तो आवाज प्रार्थनेच्या शांततेत सगळ्यांनी ऐकला आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आधी विचारून घ्या

काही गोष्टी सुताराच्या हातात नसतात. कॅथलिक चर्चमध्ये कायम बसवलेल्या वेदीचा वरचा भाग नैसर्गिक दगडाचा असावा अशी परंपरा आहे, मात्र बिशप परिषद इतर भक्कम, साजेसं साहित्य मान्य करू शकते. हलवता येणाऱ्या वेदीला लाकूड चालतं. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लाकूड आणि दगड दोन्ही चालतात, पण नवी वेदी आत आणायला धर्मप्रांताची लेखी परवानगी लागते. ओंडका करवतीला लावण्याआधी हे विचारा. दगडच हवा असं ठरलं, तर लाकडाची मापं वाचनपीठाच्या हिशेबाने काढता येतात.

बाकांबद्दल फार बोलायचं नाही. त्यांना एकसारखेपणा, संख्या आणि वेळेवर होणं लागतं, आणि तिन्ही गोष्टी विकतच्या सुक्या लाकडात आहेत. झाडाचं थोडं लाकूड उरलं तर प्रत्येक बाकाच्या टोकाला त्याची एक पातळ पट्टी बसवा. रंगाचा प्रश्न त्यातच सुटतो, आणि वेदीपासून शेवटच्या रांगेपर्यंत झाड सगळीकडे पोचतं.

निर्णय व्हायला बैठका लागतील, महिनेही जातील. ओंडक्याची दोन्ही टोकं मात्र याच आठवड्यात मेणाने किंवा जाड रंगाने बंद करा, कारण लाकूड टोकांतून सगळ्यांत वेगाने सुकतं आणि तिथूनच आत चिरत जातं. ओंडका जमिनीवरून उचलून दोन लाकडांवर ठेवा, वरून आडोसा करा, बाजू उघड्या ठेवा. फळ्या काढल्या की दर अर्ध्या मीटरवर, एकाखाली एक येतील अशा इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या मध्ये घाला आणि पहिल्या फळीवर खडूने तारीख लिहा.