चौथी थाळी मोफत, पण नेमकी कोणती?

कोथरूडमधील एका मराठी थाळीच्या उपाहारगृहात मे महिन्यातील एका बुधवारी रात्री आम्ही चौघे जेवायला गेलो होतो: मी, माझे पती, मुलगा आणि सासूबाई. तिथल्या जेवणाविषयी मला चांगलेच लिहायचे आहे. मात्र जेवणानंतर गल्ल्यावर जो वाद झाला, त्याविषयी अधिक सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सवलतीच्या अटींवरून होणारे असे वाद आता जवळजवळ प्रत्येक कुटुंबाच्या अनुभवाचे झाले आहेत आणि बहुतेक जण 'जाऊ दे' म्हणून पैसे देऊन बाहेर पडतात. उपाहारगृहाचे नाव मी मुद्दामच देत नाही.

प्रथम जेवण. अळूची भाजी मनापासून केलेली होती. त्यात मुळ्याच्या चकत्या, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ होती, आणि आंबट, गोड, तिखट या तिन्ही चवी नेमक्या जमल्या होत्या. कोथिंबीर वडी तळल्याबरोबर ताटात येत होती. वरणभातावर साजूक तूप होते, मठ्ठ्याला आले आणि मिरचीचा बेताचा वास होता. वाढपी आग्रह करून वाढत होते आणि सासूबाईंच्या ताटाकडे त्यांचे विशेष लक्ष होते. पुरी जड जाईल म्हणून एकाने त्यांना न मागता घडीची पोळी आणून दिली. चव आणि वाढणे या दोन्ही बाबतींत मी हे उपाहारगृह कोणालाही सुचवेन.

आता सवलतीकडे वळते. दारालगत माणसाच्या उंचीचा फलक उभा होता. त्यावर ठळक मराठी अक्षरांत लिहिले होते, 'सोमवार ते गुरुवार : तीन थाळ्यांवर चौथी थाळी मोफत'. तो सासूबाईंनीच मोठ्याने वाचून दाखवला आणि आम्ही आत शिरलो. आतल्या दरपत्रकात थाळीचा दर ४२० रुपये होता. तीन थाळ्यांचे १,२६० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटीचे ६३ रुपये, म्हणजे १,३२३ रुपये होतील, असा हिशेब मी बसल्या जागीच केला. मी एका कचेरीत हिशेब विभागात काम करते, त्यामुळे ही सवय सुटत नाही.

ताटे मांडून झाल्यावर वाढपी वाट्यांचा ट्रे घेऊन आला आणि त्याने विचारले, "आमरस घेणार ना?" मे महिना, समोर हापूसचा रस, चौघांनीही होकार दिला. रस उत्तम होता. त्यात दुधाची भर नव्हती, वर तुपाची धार आणि चिमूटभर सुंठ होती. त्या एका होकाराने आमची थाळी बदलली आहे, हे मात्र त्या वेळी आम्हाला कोणीही सांगितले नाही.

बिल आले ते २,११७ रुपयांचे. त्यात 'आमरस थाळी' या नावाने ४८० रुपयांच्या चार थाळ्या, म्हणजे १,९२० रुपये होते. त्यावर ५ टक्के सेवा शुल्क ९६ रुपये, आणि त्या सर्व रकमेवर केंद्र व राज्य मिळून १०० रुपये ८० पैसे जीएसटी. मोफत थाळीचा कुठेच उल्लेख नव्हता. मी गल्ल्यावर विचारले, तेव्हा व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, "मॅडम, ऑफर साध्या थाळीवर आहे. तुम्ही आमरस थाळी घेतलीत. बाहेर लिहिलंय तसं."

मुलगा बाहेर जाऊन फलकाचे छायाचित्र काढून आला. 'मोफत' या शब्दाच्या डोक्यावर एक बारीक तारा होता. त्या ताऱ्याचा अर्थ फलकाच्या अगदी तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, इंग्रजीत छापलेला होता. ती अक्षरे इतकी बारीक होती की मोबाइलवर छायाचित्र दोन बोटांनी मोठे केल्यावरच ती वाचता आली. सवलत केवळ साध्या थाळीवर, पार्सलला लागू नाही, सणाच्या व सुटीच्या दिवशी लागू नाही, आणि व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील, अशा त्या चार ओळी होत्या. सासूबाईंनी तो फोटो हातात घेऊन पाहिला आणि मला एवढेच म्हणाल्या, "अगं, वरचं मराठीत आहे, मग खालचं का नाही? मी वाचलं असतं ना." माझ्या दृष्टीने वादाचा सगळा मुद्दा या एका वाक्यात आला होता. बोलावणे ज्या भाषेत आणि ज्या आकारात दिले, त्याच भाषेत आणि त्याच आकारात अट सांगितली गेली नाही.

आमरस थाळी सवलतीतून वगळणे गैर आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी गिऱ्हाईक कमी असते. भट्टी पेटलेली असते, वाढप्यांचा पगार द्यायचाच असतो, म्हणून एक थाळी सोडून चार माणसे आली तर मालकाला ते परवडते. हापूसचा हिशेब वेगळा आहे. तो डझनाच्या भावाने विकत आणावा लागतो आणि एका वाटीचा खर्च भाजी-पोळीच्या खर्चात मुरत नाही. मालकाने आमरसाचे ६० रुपये वेगळे घ्यावेत, हे मला पूर्ण मान्य आहे. माझी तक्रार एवढीच, की हे सांगण्याची योग्य वेळ वाटी ताटात ठेवण्यापूर्वीची होती. "आमरस घेतलात तर थाळी ४८०ची होईल आणि सवलत लागणार नाही," हे वाक्य उच्चारायला वाढप्याला पाच सेकंद पुरली असती. त्यानंतर आम्ही आमरस घेतला असता किंवा नाकारला असता, पण तो आमचा निर्णय ठरला असता.

व्यवस्थापकांचे दुसरे म्हणणे असे होते की 'अटी लागू' हे सगळीकडेच असते आणि ग्राहकाने विचारून घ्यायला हवे. हे म्हणणे अनेकांना पटते, म्हणून त्याविषयी कायदा काय सांगतो ते लिहिते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी मानली आहे. त्याच कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत जाहिरातीखालच्या खुलाशाविषयी सांगितले आहे की तो मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरवळणात असावा, तसेच ठळकपणे दिसेल अशा जागी असावा. 'मोफत' या शब्दाविषयीही त्यांत स्वतंत्र तरतूद आहे: मोफत वस्तू मिळवण्यासाठी ग्राहकाला नेमके काय करावे लागेल, हे स्पष्ट केले पाहिजे. मराठी फलकाच्या पायथ्याशी असलेली बारीक इंग्रजी अक्षरे या कसोटीवर उतरत नाहीत. अट शोधून काढण्याची जबाबदारी ग्राहकाची नाही. ती समोर ठेवण्याची जबाबदारी जाहिरात करणाऱ्याची आहे.

सेवा शुल्काचा मुद्दा मात्र लवकर मिटला. उपाहारगृहांनी सेवा शुल्क आपोआप बिलात घालू नये, असे याच प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले होते. त्याला उपाहारगृहांच्या संघटनांनी आव्हान दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या. मी शुल्क काढायला सांगताच व्यवस्थापकांनी ते काढले. त्यांना नियम ठाऊक होता, हे त्यावरून उघड झाले. न विचारणाऱ्या टेबलांच्या बिलात मात्र ते ९६ रुपये राहत असणार, याचे मला वाईट वाटले. त्या वाढप्यांना मी स्वखुशीने आनंदाने बक्षिसी दिली असती, आणि नंतर दिलीही.

सुमारे पंधरा मिनिटांच्या बोलण्यानंतर व्यवस्थापकांनी एक साधी थाळी, म्हणजे ४२० रुपये, वजा करण्याचे मान्य केले. ही तडजोड मला रास्त वाटली: तीन थाळ्या आणि आमरसाच्या चार वाट्या, म्हणजे १,५०० रुपये. नवे बिल १,५९६ रुपयांचे आले. इथे आणखी एक बारकावा होता, जो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. त्यांनी आधी पूर्ण १,९२० रुपयांवर ५ टक्के जीएसटी लावला, तो झाला ९६ रुपये, आणि मग एकूण २,०१६ मधून ४२० वजा केले. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १५ नुसार विक्रीच्या वेळीच दिलेली आणि बिलात दाखवलेली सवलत करपात्र मूल्यात धरली जात नाही. म्हणजे कर १,५०० रुपयांवर लागायला हवा होता. तो ७५ रुपये होतो आणि बिल १,५७५ रुपयांचे होते. फरक २१ रुपयांचा. मी तो दाखवला तेव्हा संगणकाची प्रणाली तसेच बिल काढते, असे उत्तर मिळाले. एव्हाना मागे रांग लागली होती आणि सासूबाई दाराशी उभ्या होत्या, म्हणून मी पैसे भरले आणि बिलाच्या दोन्ही प्रती मागून घेतल्या. पहिली प्रत ते परत ठेवून घेत होते. ती आग्रहाने घेतली. असा प्रसंग आल्यास फलकाचे छायाचित्र, दरपत्रकाच्या पानाचे छायाचित्र आणि बदललेल्या बिलासह सर्व प्रती जवळ असाव्यात, कारण नंतर बोलायला तेवढाच आधार उरतो.

टेबल राखून देणाऱ्या मोबाइल ॲपवरील सवलतींमध्येही हेच वाद होतात, फक्त त्यांचे रूप निराळे असते. तिथे ३० टक्क्यांचा आकडा मोठा असतो आणि कमाल मर्यादेचा आकडा एका स्पर्शाआड असतो. थाळी आणि ठरावीक जोडपदार्थ वगळलेले असतात. आणि बिल त्याच ॲपवरून न भरता गल्ल्यावर कार्डाने भरले तर सवलत जाते. तरीही अटी निदान टेबल राखण्याआधी स्वतःच्या पडद्यावर उघडून वाचता येतात आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवता येतो. दारातल्या फलकाला ती सोय नाही.

या संदर्भात पुण्यातील जुन्या खानावळी आणि मिसळीची दुकाने मला राहून राहून आठवतात. 'एक थाळी दोघांत मिळणार नाही', 'रस्सा पुन्हा मिळेल, फरसाण मिळणार नाही', 'जादा पावाचे पैसे पडतील' अशा पाट्या तिथे डोळ्यांसमोर, मराठीत, खाणाऱ्याच्या आधी हजर असतात. त्या पाट्यांच्या सुराविषयी लोक काहीही म्हणोत, त्यांच्यात एक सचोटी आहे: अट कडक असली तरी ती घास घेण्यापूर्वी कळते. ज्या शहराला अटी इतक्या स्पष्ट लिहिता येतात, त्याच शहरात तारा टाकून अटी तळाशी ढकलण्याची पद्धत रुजावी, हे मला खटकते.

दुसऱ्या दिवशी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि छायाचित्रे व बिले जोडली. रक्कम २१ रुपयांची होती हे खरे, पण तक्रारीत मी पहिली मागणी फलकाची भाषा बदलण्याची केली होती आणि पैशांची दुसरी. दहाव्या दिवशी व्यवस्थापकांचा फोन आला. ते सौजन्याने बोलले, २१ रुपये यूपीआयने परत पाठवले आणि फलक दुरुस्त करू, असे म्हणाले.

मागच्या गुरुवारी त्या रस्त्याने जाताना मी थांबून फलक पाहिला. मोठ्या ओळीच्या लगेच खाली पांढरा कागद चिकटवला आहे आणि त्यावर जाड मार्करने मराठीत लिहिले आहे, 'आमरस थाळीस सवलत नाही'. सणाच्या आणि सुटीच्या दिवसांची अट अजून तळाशी इंग्रजीतच आहे, आणि 'व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील' ही ओळही तशीच आहे. वटपौर्णिमा जवळ आली आहे. त्या आठवड्यात तिथे जाणाऱ्यांनी ताट मांडण्यापूर्वी त्या दिवशी सवलत आहे की नाही, हे विचारून घ्यावे. अळूची भाजी मात्र अवश्य घ्यावी.