भाताच्या खाचरासाठी जुना ट्रॅक्टर: पीटीओचा क्लच कोरडा घ्यावा की तेलातला?

जुना ट्रॅक्टर घेणारा माणूस इंजिनाचा धूर बघतो, टायरची नक्षी बघतो, आरसीवरचा बोजा उतरलाय का ते विचारतो. पीटीओच्या, म्हणजे मागे जोडलेल्या यंत्राला इंजिनाची ताकद देणाऱ्या शाफ्टच्या, क्लचकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. तो पोटात असतो, दिसणार कसा? पण आमच्या इगतपुरी-घोटीच्या भाताच्या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि सेकंडहँड ट्रॅक्टरचा सौदा अंगावर येतो तो बऱ्याचदा इथेच.

समोर दोनच पर्याय असतात. एक, कोरडा ड्युअल क्लच. पेडल एकच, अर्धं दाबलं की चाकं सुटतात, तळापर्यंत दाबलं की पीटीओ. दुसरा, तेलातला आयपीटीओ, म्हणजे चाकांच्या क्लचपासून स्वतंत्र चालणारा पीटीओ. त्याच्या प्लेटा मागच्या हाउसिंगमध्ये तेलात असतात आणि पंपाच्या दाबाने धरतात. हाताच्या लिव्हरचा कोरडा डबल क्लचही बाजारात येतो. लिव्हर वेगळं दिसलं म्हणून त्याला तेलातला समजू नका, गंजाच्या बाबतीत तो पहिल्याचाच भाऊ. मी कोरडा आणि तेलातला दोन्ही वापरलेत, आणि दोन्ही वेळा ट्रॅक्टर जुनाच घेतलेला.

कोरड्याच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. ट्रॅक्टर स्वस्तात मिळतो. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तालुक्याच्या गावाला मिळून जातं आणि कुठलाही जाणता मिस्त्री ते बसवून देतो. ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो खरा, पण ते काम इथल्या मिस्त्र्यांच्या हातचं आहे. सिन्नर, येवल्याकडे कोरड्या रानात वापरणार असाल तर माझ्या मते डोकं न खपवता ड्युअल क्लच घ्या, वाचलेल्या पैशात चांगला रोटर (रोटाव्हेटर) येईल.

आमच्याकडे अडचण वेगळीच होते. जून-जुलैत ट्रॅक्टर केजव्हील (लोखंडी जाळीची चाकं) लावून खाचरात उतरतो, चिखलणी होते, आवणी म्हणजे भाताची लावणी आटोपते आणि मग तो शेडमध्ये उभा राहतो. थेट दिवाळीच्या आसपास मळणीला निघतो. मधले महिने हवा ओलीच. बेल हाउसिंगला, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाला, खाली एक भोक असतं, इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळलं तर ते बाहेर पडावं म्हणून. चिखलणीला त्याला बूच लावायचं आणि काम झालं की काढायचं, असा नियम. बूच लावलंच नाही तर चिखलाचं पाणी आत जातं, आणि लावलेलं काढलं नाही तर आत गेलेली ओल तिथेच कोंडते. बीडाचं फ्लायव्हील, बीडाची प्रेशर प्लेट, मधे क्लच प्लेटवरचं, ओल धरून ठेवणारं लायनिंग, आणि स्प्रिंगांनी हे सगळं एकमेकांवर दाबून धरलेलं. दोन महिन्यांत गंज त्यांना चिकटवून टाकतो.

यावर उपाय सगळ्यांना माहीत असतो: पेडल दाबून लाकडी ठोकळा लावायचा. काही ट्रॅक्टरना त्यासाठी आकडाही असतो. पण ड्युअल क्लचमध्ये ठोकळा अर्ध्यावर बसला तर फक्त चाकांची प्लेट सुटी राहते, पीटीओची तशीच आवळलेली. ती सुटी ठेवायची तर पेडल पार तळाला न्यावं लागतं आणि पावसाळाभर तिथेच ठेवावं लागतं. मधेच कुणी शेडमधून ट्रॅक्टर हलवायला ठोकळा काढतो, परत लावताना अर्ध्यावर लावतो, आणि झालं.

मग मळणीच्या दिवशी ट्रॅक्टर चालू होतो, गेअर पडतो, चालतोही झकास. पीटीओचं लिव्हर टाकायला जावं तर खर्रर्र. पेडल तळाला, तरी आतला शाफ्ट फिरतच असतो. इंजिन बंद करून लिव्हर टाकलं तर पडतं आणि यंत्रही फिरतं, पण मग थांबवायचं कसं? पेडल दाबून पीटीओ थांबत नाही, इंजिनच बंद करावं लागतं. मळणी यंत्रात गडी पेंढ्या सारतोय आणि आपल्या पायाखालचं पेडल नुसतं नावाला आहे, ही गोष्ट मला कधीच सहन झाली नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

चिकटलेली पीटीओ प्लेट सोडवतात कशी, तेही सांगतो. चाकांची प्लेट ट्रॅक्टर पळवून, पेडल दाबून ब्रेक मारला की बऱ्याचदा सुटते. पीटीओच्या प्लेटवर तसा भार येत नाही. त्यासाठी रोटर जोडायचा, मागे चिटपाखरू नाही हे बघायचं, पेडल तळाला धरून रोटर कडक जमिनीत उतरवायचा. ‘फट्’ असा आवाज आला की सुटली. पण सुटली म्हणजे सुटका झाली असं नाही. बीडावर गंजाचे खड्डे राहतात आणि तो पृष्ठभाग कानशीसारखा लायनिंग खातो. नवी प्लेट टाकताना फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटही लेथवर घासून न घेतल्यास ती प्लेट लवकरच जाते. ‘प्लेटच डुप्लिकेट निघाली’ म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटं मोडणारे मी बरेच पाहिलेत. दोष पुष्कळदा खालच्या बीडाचा असतो.

म्हणून कोरड्या क्लचचा ट्रॅक्टर बघायचा तर दिवाळीच्या तोंडावर बघा. उन्हाळ्यापर्यंत गंज घासून चकचकीत झालेला असतो, वैशाखातल्या चाचणीत काहीच कळत नाही. इंजिन थंड असताना जा. ते चालू करून पेडल तळाला दाबून थोडं थांबा, मग पीटीओचं लिव्हर टाका, आवाज येता कामा नये. बेल हाउसिंगच्या भोकात तार घालून बघा. तांबडा चिखल आला तर ओल शिरली होती, काळं तेल आलं तर सील गेलंय. निफाडकडच्या द्राक्षबागेतला, फवारणीच्या ब्लोअरवर चाललेला ट्रॅक्टर असेल तर दुखणं वेगळं. तिथे ओळीच्या टोकाला अर्ध्या पेडलवर वळतात, त्यामुळे चाकांची प्लेट आणि रिलीज बेअरिंग झिजलेलं असतं, पीटीओची प्लेट तुलनेने बरी निघू शकते.

तेलातल्या क्लचला ओल बाधत नाही असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याचा शत्रू तेलात मिसळलेलं पाणी. खाचरात पीटीओ शाफ्टचं सील बुडतं, धुताना प्रेशरचा पाइप नेमका ब्रीदरवर (हाउसिंगमधली हवा जायच्या तोंडावर) धरला जातो, गेअर लिव्हरचं रबर फाटलेलं असतं. तेल दुधाळ झालं की प्लेटांवरचं कागदासारखं अस्तर फुगून सुटायला लागतं, त्याचा भुगा फिल्टरमध्ये जातो, दाब कमी होतो, दाब कमी झाला की प्लेटा घसरतात आणि जळतात. हे काम गावातला मिस्त्री सहसा हातात घेत नाही. शोरूमला न्यावं लागतं आणि बिल पाहून घाम फुटतो. तेल बदलायचं म्हटलं तरी कॅनवर कॅन लागतात.

तरीही मी याच बाजूला झुकलो, कारण इथे बिघाड आधी कळतो. डिपस्टिकवर तेलाचा रंग दिसतो, चहाच्या रंगाकडे गेलं की मी थांबत नाही. पावसाळाभर ट्रॅक्टर उभा राहिला तरी लिव्हर काढलेलं असलं की प्लेटांवर दाब नसतो आणि अंगावर तेल असतं. मळणीच्या दिवशी लिव्हर ओढलं की पीटीओ धरतो, सोडलं की थांबतो. थंड तेलात सकाळी शाफ्ट थोडा रेंगाळतो, त्याचं काही नाही. डिझेल किंचित जास्त पितो असं मला वाटतं, घरच्यांना तसं वाटत नाही.

घेताना एवढं करा. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचं मागचं ड्रेन बोल्ट सकाळी अगदी हळू सैल करा. पाणी तळाशी बसतं, असलं तर तेलाच्या आधी तेच ठिबकेल. मग ट्रॅक्टर चांगला गरम होईपर्यंत रोटर जमिनीत चालवायला मागा. थंड असताना सगळेच धरतात. गरम झाल्यावर इंजिनाचा आवाज तसाच राहून रोटर मंदावला तर क्लचच्या आतली सीलं किंवा प्लेटा गेल्या समजा आणि निघा. नुसतं तेल दुधाळ असेल आणि गरम होऊनही तो नीट धरत असेल तर सौदा मोडू नका. तेल, फिल्टर आणि पीटीओ शाफ्टचं सील यांचा खर्च किमतीतून वजा करून मागा. विकणाऱ्याने खळखळ केली तरी त्याला दुसरं गिऱ्हाईकही तेच सांगणार आहे.