पुष्पकच्या सांगाड्यात जवसाचं तेल : आठ महिन्यांनंतर

ऐरोलीत खाडीच्या बाजूला आमचा गाळा आहे. पाने-पक्कड उघड्यावर राहिले तर आठवड्यात तांबूस होतात. तिथेच आम्ही पुष्पकचा सांगाडा ठेवलाय. हिंदुस्तान एअरक्राफ्टचं हे दोन आसनी विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं, पुढे फ्लाइंग क्लबांमधून त्यावर कितीतरी पायलट शिकले. विमानाचं धड वेल्ड केलेल्या पोलादी नळ्यांचं, वरून कापड. आमचं आता उडणार नाही, प्रदर्शनात उभं राहणार आहे.

मामा फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते. आल्या आल्या त्यांनी शेपटीजवळच्या खालच्या नळीवर टोच्या दाबला आणि तो थेट आत गेला. "रंग कसला बघतोस? आतून खाल्लीय ती!" पुष्पक जमिनीवर शेपटी टेकून उभं राहतं, त्यामुळे नळीतलं पाणी तिथेच उतरतं. तेवढा भाग कापून नवी नळी घातली. गंज रोखायला आत तेल सोडतात, पण कुजलेल्या नळीत ते ओतून काही होत नाही.

वेल्डिंग सगळं आटोपल्यावर फेब्रुवारीत रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणलं. कोमट करून सिरिंजने बारीक भोकांतून सोडलं, चौघांनी सांगाडा उलटापालटा फिरवला, दोन दिवस निथळू दिला आणि भोकं स्क्रूने बंद केली. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, नळीला आतून पापुद्रा धरतं. एक मात्र पाळाच : तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, आपोआप तापून पेट घेतात. आम्ही त्या पाण्याच्या बादलीत टाकल्या.

बाहेरून ब्लास्टिंग केलं, म्हणजे बारीक कणांचा मारा करून जुना रंग आणि गंज काढला. ब्लास्टिंगवाल्याने सांगाडा रात्रभर तसाच उघडा ठेवला, सकाळी सगळीकडे पिवळट गंजाची झाक. पुन्हा ब्लास्टिंग करायला लावलं आणि त्याच दुपारी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारला. साधा प्रायमर कापडावरच्या डोपमुळे (कापड ताणून धरणाऱ्या लेपामुळे) फुगून उचलला जातो. पावडर कोटिंग सुचवणारे बरेच भेटले. पण त्याच्या जाड थराखाली वेल्डची चीर दडते, म्हणून मी ठाम नकार दिला.

ऑक्टोबरमध्ये स्क्रू काढून मोबाइलला जोडायचा कॅमेरा आत घातला. अख्खा पावसाळा जाऊनही नळ्या आतून मधाच्या रंगाच्या, कोरड्या, कुठे गंजाचा ठिपका नाही. फक्त शेपटीच्या टोकाला तेल साचून चिकट राहिलंय, निथळताना ते टोक पुरेसं खाली नव्हतं. बाहेर गंज दिसला तो क्लॅम्पच्या कडेला, जिथे प्रायमरचा टवका उडालाय. ती जागा घासून टचअप केलीय आणि आता प्रत्येक क्लॅम्पखाली रबराची पट्टी घालतोय.