इटलीतल्या टेकडीवरचं लग्न: पैसे कायदेशीर विवाहाचे, पदरात नुसते फोटो

चिविता दि बान्योरेजोसारख्या जुन्या गावात 'कायदेशीर लग्न' लावून देतो म्हणून पैसे घ्यायचे आणि नुसता देखावा उरकायचा, ही फसवणूक कशी होते ते लिहितो आहोत.

पहिली खूण एजंटच्या बोलण्यातच असते: "फक्त पासपोर्ट पाठवा, बाकी आम्ही बघतो." नुसत्या पासपोर्टावर तिथे लग्न लागत नाही. भारतीय नागरिकाला रोमच्या दूतावासाकडून किंवा मिलानच्या वाणिज्य दूतावासाकडून 'नुल्ला ओस्ता', म्हणजे लग्नाला हरकत नसल्याचा दाखला लागतो. तो पुढे प्रेफेत्तुरात, म्हणजे तिथल्या सरकारी जिल्हा कचेरीत, १६ युरोचं मुद्रांक लावून साक्षांकित करून घ्यावा लागतो. याबद्दल एजंट चकार शब्द काढत नसेल, तर तो विवाह लावणारच नाहीये.

ऐन दिवशी इटलीत विवाह लावणारा अधिकारी घालतो तसा तिरंगी पट्टा घातलेला एक गृहस्थ येतो, इंग्रजीत चार गोड वाक्यं बोलतो, सह्या घेतो आणि सोनेरी किनारीचा कागद हातात ठेवतो. पट्टा विकतही मिळतो. खऱ्या विवाहात अधिकारी इटालियन नागरी संहितेची १४३, १४४ आणि १४७ ही कलमं मोठ्याने वाचतो, भाषा येत नसेल तर दुभाषी लागतोच, आणि नोंदीवर वधूवरांबरोबर दोन साक्षीदारांच्याही सह्या होतात. यातलं काहीच झालं नाही, तर लग्न लागलेलं नाही. पुण्याहून नेलेल्या गुरुजींनी सप्तपदी घातली तरी तिथल्या सरकारी दप्तरी त्याची नोंद नसते. (हौसेने जरूर करा.)

जागेतही गोम असते. विवाह नगरपालिकेच्या इमारतीत किंवा तिने ठराव करून मंजूर केलेल्या जागीच लागतो. चिविता ही बान्योरेजो नगरपालिकेची वाडी आहे, त्यामुळे खासगी व्हिलाचा फोटो दाखवला की तिथल्या विवाह नोंदणी विभागाला स्वतः ईमेल करून तारीख आणि जागा विचारा. नगरपालिकेचं शुल्क एजंटच्या वैयक्तिक खात्यावर भरू नका. जाता जाता, 'गाडी दारापर्यंत जाते' हीसुद्धा थाप आहे. गावात शिरायला पादचारी पूलच आहे, सामान त्यावरूनच न्यावं लागतं.

आगाऊ रकमेपुढे करारात 'कापार्रा कोन्फेर्मातोरिया', म्हणजे शब्द पाळण्याची हमी म्हणून दिलेला विसार, असं लिहून घ्या. मग एजंटने शब्द मोडल्यास कायद्याने दुप्पट रक्कम मागता येते. 'अक्कोंतो', म्हणजे नुसता आगाऊ हप्ता, असं लिहिलं असेल तर हा हक्क नाही.

लग्नानंतर नगरपालिकेचा विवाह दाखला घ्या आणि प्रेफेत्तुरातून त्यावर अपोस्टील, म्हणजे परदेशात चालणारं साक्षांकन, करून घ्या. सोनेरी कागद व्हिसाच्या खिडकीवर चालत नाही. फसवणूक उघड झाल्यापासून ३ महिन्यांत काराबिनिएरी (इटलीचं लष्करी पोलीस दल) किंवा पोलिसांकडे तक्रार द्यावी लागते. नुसता असा देखावाच झाला असेल, तर कायद्याने दोघं अविवाहितच असल्याने भारतात विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊन लग्न करता येतं.