शेतातल्या घराला रिव्हॉल्वर की कुत्रा आणि सीसीटीव्ही?
शेतातल्या एकट्या घराला परवान्याचं रिव्हॉल्वर घ्यावं का कुत्रा पाळून कॅमेरे लावावेत, मी तरी कुत्राच म्हणेन. परवान्याला वय 21 लागतं, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांची चौकशी, मिळाला तर 5 वर्षं, त्यात निवडणूक लागली की बहुतेकदा हत्यार पोलीस स्टेशनला जमा, तेवढे दिवस घर उघडंच. आणि घरात पोरं असली तर रिव्हॉल्वर कुलपात, गोळ्या वेगळ्या, मग रात्री 2 ला कडी वाजल्यावर अंधारात किल्ली शोधणार कधी? कुत्रं माणूस बांधावर असतानाच भुंकतं, लाईट लावून 112 फिरवायला वेळ मिळतो. हां, खरंच जिवाला धमकी असेल, पोलीस लांब असतील तर अर्ज जरूर करा, पण कुत्रं तेव्हाही ठेवाच.